होल्याच्या गळ्यावरचे ठिपके

“आण्णा, कोंबडी धरायला बसलायसा काय?”

तवनाप्पानं काळ्या फडक्याखालून डोकं बाहेर काढलं आणि तेवढ्यात गोठ्याच्या दारावरची साळुंकी उडाली. पाऊण तास तो पिरनवाडीच्या त्या परसात गुडघ्यावर बसला होता. पायाला मुंग्या आल्या होत्या, धोतराला शेण लागलं होतं, आणि आता कुठे साळुंकी कॅमेऱ्यासमोर नीट येऊन बसली होती. विचारणारा भरमू हा त्या घराचाच मालक. हातात वैरणीचा भारा घेऊन तो शांतपणे उत्तराची वाट बघत उभा होता.

“कोंबडी न्हवं रं, साळुंकी. गेली की ती तुझ्या आवाजानं!”

“गेली तर गेली. उद्या येईल की. म्हशीवरच्या गोचड्या खायाला रोज येत्यात.”

“उद्या मला रजा न्हाय.”

“मग एक काम करू. फास लावून धरून देतो. पायाला दोरी बांधू आणि खुंटीला ठेवू. तुमी निवांत काढा फोटू.”

तवनाप्पा मगदूम जातीनं जैन. पाणी गाळून पिणारा आणि दिवस मावळायच्या आत जेवून उठणारा. भरमूनं हे मदत म्हणूनच सुचवलं होतं, तरी तो त्याच्यावर ओरडला. मग ओरडल्याची लाज वाटून त्यानं मुकाट्यानं कॅमेऱ्याची तीन लाकडी पाय मिटले, पेटी सायकलला बांधली आणि बेळगावची वाट धरली. असे रविवार वाया जायला लागून सात महिने झाले होते.

बेळगावच्या कँपात एक फोटो स्टुडिओ होता आणि तिथं तवनाप्पा बावीस वर्षं रिटचिंगचं काम करत होता. म्हणजे असं, की फोटो मालकानं काढायचा आणि माणूस तवनाप्पानं सुधारायचा. उत्तरेच्या खिडकीपाशी त्याचं तिरकं मेज होतं. त्यावर निगेटिव्हची काचेची प्लेट ठेवायची, खालून आरशाचा उजेड पाडायचा आणि सुईसारखं टोक काढलेल्या पेन्सिलीनं चेहऱ्यावरचे डाग एकेक भरत जायचं. सुरकुती, तीळ, पुटकुळी, डोळ्याखालचं काळं वर्तुळ. देवीच्या व्रणांनी भरलेला चेहरा दोन तासांत लोण्यासारखा गुळगुळीत करून देणारा माणूस म्हणून साऱ्या कँपात त्याच्या हाताची वाहवा होती. पण हाताचीच. माणसाचं नाव कुणाला ठाऊक नव्हतं. फोटोच्या कोपऱ्यात शिक्का उमटायचा तो स्टुडिओचा, आणि लोक फोटो बघून म्हणायचे, मालकांनी काय झकास काढलाय!

त्याचं त्याला फार लागत होतं. बोलून दाखवायचा नाही, पण लागायचं. परक्या घरात भिंतीवर आपण रिटच केलेला फोटो दिसला, की तो जवळ जाऊन बघायचा आणि शिक्का वाचून मागं फिरायचा.

बेचाळीस साल उजाडलं तेव्हा लढाई जोरात होती. पलटणीतली पोरं समुद्रापार जायच्या आधी घरच्यांसाठी फोटो काढून घ्यायला रांग लावत. अशा गर्दीत एक दिवस जठारसाहेब स्टुडिओत आले. ते जंगलखात्यातून पेन्शन घेऊन टिळकवाडीला राहिलेले, सडसडीत, चष्म्याच्या वरून बघणारे गृहस्थ. शाळेतल्या मुलांसाठी ते गावातल्या पक्ष्यांचं पुस्तक करत होते. पक्षी रानातले नकोत, घराच्या वळचणीचे, उकिरड्यावरचे, विहिरीवरचे. पोरानं पुस्तक उघडावं, अंगणात बघावं आणि पक्षी ओळखावा. त्यासाठी फोटो पाहिजे होते. मालकांनी हात जोडले. इथं सोल्जर आवरेनात, चिमण्या कुणी काढायच्या?

“मी काढतो,” खिडकीपाशी बसलेला तवनाप्पा म्हणाला, आणि आपण बोललो याचं त्यालाच नवल वाटलं. “रविवारी काढतो.”

जठारसाहेबांनी त्याच्याकडे नीट बघितलं. “काढा. पुस्तकात प्रत्येक फोटोखाली काढणाऱ्याचं नाव छापायचं असं मी ठरवलंय. तुमचं नाव काय?”

त्या दिवशी तवनाप्पा घरी गेला तो वेगळ्याच चालीनं. बायकोला, राजमतीला, त्यानं जेवता जेवता तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा ती म्हणाली, “व्हय हो, कळलं. नाव छापणार. आता आमटी वाढू काय?”

पण माणसाला खुर्चीत बसवून फोटो काढणं वेगळं आणि चिमणीचा काढणं वेगळं. स्टुडिओत माणूस हलू नये म्हणून मानेमागं लोखंडी चिमटा लावत. चिमणीला चिमटा कुठं लावणार? सवयीनं तो चिमणीलाही “हलू नका” म्हणायचा. शटरचा रबरी फुगा दाबेपर्यंत ती फांदी सोडून गेलेली असे आणि प्लेट धुतली की नुसती फांदी हाती येई. बुलबुल आला तर धूसर येई. तांबट दिवसभर कानाशी ठोकत राही, दिसत मात्र नसे. एकदा तर एका कावळ्यानं भिंगाचं पितळी झाकणच उचलून नेलं. त्या झाकणावरून मालक आठ दिवस बोलत होते. त्यात लढाईमुळं काचा मिळेनात. आठवड्याला दोन प्लेटा मालक उपकार केल्यासारखे देत, त्याही जुन्या तारखेच्या. सात महिन्यांत जठारसाहेबांनी “बरा” म्हणून ठेवून घेतलेले फोटो पाच. त्यातला एकही तवनाप्पाच्या मनासारखा नव्हता. रविवार संपला की त्याला स्वतःचा, कॅमेऱ्याचा आणि समस्त पाखरांचा संताप यायचा.

शेवटी वाट दाखवली ती राजमतीनं. ती भाजी घ्यायची ते उचगावच्या मालुबाईकडून. बोलता बोलता मालुबाई म्हणाली होती, आमच्या सोप्यात व्हल्यानं घरटं केलंय आणि मादी दिवसभर अंड्यावरून हलत न्हाय. व्हला म्हणजे होला, पारव्याच्या जातीचं पाखरू. हे ऐकताच तवनाप्पानं हातातला तांब्या खाली ठेवला. सात महिने तो न हलणारं पाखरू शोधत होता.

उचगावात पहिला सामना झाला तो मालुबाईच्या सासूशी. नागुबाई उंबऱ्यात ठाण मांडून बसली होती.

“त्या व्हल्याचा फोटू कशाला काढतोस बाबा? ते घरटं मी काठीनं पाडणार हाय. पोरगं माझं लढाईवर आणि घरात ह्यो दिवसभर घुमतोय. बरं न्हवं ते.”

“मामी, अंडी हाईत त्यात,” आतून मालुबाई म्हणाली.

“अंडी हाईत म्हणूनच थांबलोय न्हवं?”

मालुबाई बाहेर आली. पंचविशीची असेल. अंगानं काटक, चालीत झपाटा. चेहरा मात्र देवीनं पार खाल्लेला होता. तवनाप्पाची नजर आधी तिकडेच गेली. अडीच तासांचं काम आहे, असं त्याच्या मनात येऊन गेलं. त्याचा धंदाच तो.

सोप्यातल्या तुळईच्या टोकाला, कंदील टांगायच्या खिळ्यालगत चार काड्यांचं घरटं होतं आणि त्यात तपकिरी, गुलबट छातीची मादी बसली होती. तवनाप्पानं माळ्यावर चढायच्या शिडीला कॅमेरा बांधला. समोरच्या भिंतीवर पांढरा पंचा टांगून उजेड परतवला. मादी त्याच्याकडे बघत होती, पण हलली नाही. पक्षी इतका नीट, इतका जवळून कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर उमटलेला त्यानं कधी बघितला नव्हता. फुगा दाबला आणि त्याच्या तोंडून आपोआप “छान” असं निघालं.

आता दुसरी प्लेट. बाजूनं एक घ्यावा, म्हणून तो शिडी सरकवायला लागला.

“आण्णा,” मालुबाई म्हणाली, “माझा बी एक काढा की.”

“एकच काच उरलीया.”

“एकच पायजे. त्येंना धाडायचा हाय. मिसर देशात हाईत. फोटू धाड म्हणून दोन कागदांत लिवलंय.”

तवनाप्पाला राग आला. सात महिन्यांनी पाखरू सापडलं आणि त्यातली अर्धी संधी अशी जायची. पण घर तिचं, घरटंही तिच्यामुळंच वाचलेलं. त्यानं तिला अंगणात उजेडाला बसवलं. ती ताठ बसली. पदर नीट केला, भिंगाकडं रोखून बघितलं आणि जराही हलली नाही.

सोमवारी दोन्ही प्लेटा धुऊन झाल्या. होल्याची प्लेट त्यानं खिडकीच्या उजेडात धरली आणि त्याचं मन भरून आलं. पीस न् पीस दिसत होतं. डोळा जिवंत होता. ती तिरक्या मेजावर ठेवून तो बसला आणि बसल्याबरोबर हात कामाला लागला. गळ्यावर, छातीच्या वरच्या बाजूला काळे काळे बारीक ठिपके होते. एकेक करून त्यानं ते पेन्सिलीनं भरले. चोचीवरून एक काडी आडवी आली होती, ती चाकूनं खरवडून काढली. गळा कसा स्वच्छ, नितळ झाला. मग मालुबाईची प्लेट घेतली. तिला अडीच नाही, तीन तास लागले.

शनिवारी दुपारी तो टिळकवाडीला गेला तो इस्त्रीचा कोट घालून. जठारसाहेबांनी फोटो घेतला, खिडकीशी नेला आणि चष्म्याच्या वरून निरखला. तवनाप्पा कौतुकाची वाट बघत उभा होता.

“हा कुठला पक्षी?”

“होला, साहेब.”

“कुठला होला? आपल्या गावांत तीन होले दिसतात. एकाच्या मानेमागं काळी कंठी असते. एकाच्या मानेवर चौकटी असतात. तिसऱ्याच्या गळ्यावर काळे ठिपके असतात. हा कुठला?”

“तो ठिपक्यांचाच,” तवनाप्पा आनंदानं म्हणाला. “ठिपके हुते साहेब. लई हुते. मी सगळे साफ केले.”

जठारसाहेबांनी चष्मा काढला. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

“मगदूम, तो ठिपक्यांवरून ओळखायचा असतो. तेवढीच त्याची ओळख.”

आपण काय केलं ते तवनाप्पाला एका क्षणात कळलं आणि बावीस वर्षांत कुणी न काढलेली चूक आज निघाली, तीही अशा जागी, याची शरम वाटली.

“आधीचे पाच फोटो?” जठारसाहेबांनी विचारलं. “त्यांच्यावरही हात फिरवलाय?”

खोटं बोलणं त्याला जमलं नाही. “थोडा थोडा.”

साहेबांनी कपाट उघडून ते पाचही काढले आणि त्याच्या पुढ्यात ठेवले. “मग हे मला वापरता येणार नाहीत. पोरगं पुस्तक घेऊन अंगणात जाईल आणि त्याला पक्षी जुळणार नाही. ते बिचारं म्हणेल माझेच डोळे चुकले. पुण्याच्या एका चित्रकाराकडून मी चित्रं मागवतो.”

इथं मात्र तवनाप्पाचा तोल गेला. “चित्रकाराचं तर सगळंच हाताचं की साहेब! ते चालतंय? मी सात महिने उन्हात बसलो, गुडघे फोडून घेतले, चार ठिपके पुसले तर ते चालंना?”

“तो सांगतो की मी हातानं काढलंय. तुमचा फोटो तसं सांगत नाही.”

तवनाप्पा म्हणाला, पेन्सिल टर्पेंटाइननं पुसता येते, ठिपके परत येतील. साहेबांनी भिंग घेऊन चोचीपाशी बोट ठेवलं. चाकूनं खरवडलेलं परत येणार होतं का? मग त्यांनाच जरा वाईट वाटलं असावं. म्हणाले, “सोमवारी मजकूर पुण्याला जातोय. उद्या रविवार आहे. परत काढा. काहीही न पुसता. तेवढा एक तरी तुमच्या नावानं जाईल.”

स्टुडिओत येऊन त्यानं आधी टर्पेंटाइनची बाटली काढली. कापसाच्या बोळ्यानं होल्याची प्लेट पुसली. गळ्यावर ठिपके परत उमटले. मग त्याच भरात त्यानं मालुबाईचीही प्लेट पुसून टाकली. आता कुणाचं काही झाकायचं नाही, असं काहीतरी त्यानं डोक्यात घेतलं होतं. तिचा गुळगुळीत फोटो आधीच छापून ठेवलेला होता. तो पाकिटात तसाच राहिला आणि त्यावर त्यानं नवा, व्रणांसकटचा ठेवला. मालकांकडं हात पसरून दोन प्लेटा मागितल्या. “पगारातनं कापा,” म्हणाला, तेव्हा मिळाल्या.

रविवारी उन्हं वर यायच्या आत तो उचगावात पोचला. सोप्यात पाय टाकला आणि त्याची नजर तुळईकडं गेली. घरटं रिकामं होतं.

“गेली की,” नागुबाई म्हणाली. तिनंच मादीला हुसकावलं असेल, या संशयानं तो तिच्याकडं बघतोय हे तिच्या ध्यानात आलं. “मी हात लावला न्हाय रं बाबा. तू आलतास तवा त्यात अंडं न्हवतंच, पिलं हुती पोटाखाली. परवादिशी उडाली. मला बी आता सुनं वाटाय लागलंय.”

तवनाप्पा शिडीवर चढून घरट्यात बघून आला. बघण्यासारखं काही नव्हतं, तरी बघितलं. चार काड्या आणि वाळलेली विष्ठा. सात महिने, पाच फोटो, एक झाकण, पगारातनं कापलेल्या दोन प्लेटा. खाली उतरला तेव्हा त्याला मोठ्यानं शिवी द्यावीशी वाटली, पण ती कुणाला द्यायची हे सुचेना. स्वतःच्याच हाताला द्यावी लागली असती.

“च्या पिता काय आण्णा?” मालुबाई म्हणाली. “आणि माझा फोटू?”

त्यानं पाकीट दिलं. नागुबाईनं वरचा फोटो घेतला, डोळ्यांशी नेला. “व्हय गं, तूच हाईस की! हुबेहूब,” म्हणाली. मालुबाईनं बघितला. बराच वेळ बघितला. मग पाकीट उलटं केलं, तर दुसरा फोटो हातावर पडला.

“ह्यो कुणाचा?”

“तुझाच. त्यो फाडून टाक तू,” तवनाप्पा घाईनं म्हणाला. “त्यो खोटा हाय. मी सगळं पुसून केलता. माझी सवय ती. चुकलंच.”

“खोटा कसा?” मालुबाईनं तो पदरानं पुसला. “त्येनी लढाईवर गेले तवा मी अशीच होतो की.”

तवनाप्पाला समजलं नाही. ती फोटोवरून नजर न काढता सांगू लागली, “त्येनी गेले आदल्या दसऱ्याला. देवी आल्या त्या यंदाच्या शिमग्यात. गावात धा जणं गेली, मी ऱ्हायलो.”

“त्येंना ठावं न्हाय?”

“कोण कळवणार? आणि कळवून काय? तिथं गोळ्यांत बसून त्येनी माझ्या तोंडाची काळजी करत बसायची?”

“अगं पण आल्यावर बघतीलच की.”

“बघूदेत,” मालुबाई म्हणाली. “येऊदेत आणि बघूदेत. आले म्हंजे झालं.”

नागुबाई उठून आत गेली. आतून बराच वेळ भांड्यांचा आवाज आला नाही. काल टिळकवाडीला साहेबांनी सांगितलेलं तवनाप्पाला पटलं होतं, दोन्ही प्लेटा त्यानं त्या पटण्याच्या भरात पुसल्या होत्या, आणि इथं ही बाई पुसलेलंच खरं म्हणून छातीशी धरून उभी होती. कुणाचं बरोबर, हे त्याला ठरवता येईना. त्याला फक्त फार दमल्यासारखं वाटत होतं.

“ह्योच धाडतो,” ती म्हणाली. “तेवढं मागं तुमचं नाव लिवा.”

“माझं कशाला?”

“तर मग कुणाचं? त्येनी इचारतील की, कुणी काढला एवढा नामी. कळाया नको?”

हा फोटो त्यानं स्वतः छापला होता, कोपऱ्यात स्टुडिओचा शिक्का नव्हता. त्यानं खिशातली पेन्सिल काढली. फोटो गुडघ्यावर पालथा घातला. टोक बारीक होतं म्हणून जपून, एकेक अक्षर सुटं लिहिलं: तवनाप्पा मगदूम, बेळगाव. बावीस वर्षांत पहिल्यांदा ते नाव एखाद्या फोटोवर जात होतं. आपल्याला आनंद व्हायला हवा, असं त्याच्या मनात आलं. तो काही झाला नाही. मालुबाईला वाचता येत नव्हतं, तरी तिनं ती अक्षरं निरखून बघितली आणि फोटो पाकिटात घातला.

“आणि ह्यो?” त्यानं व्रणांचा फोटो दाखवला.

“त्यो तुमी न्या.”

परतीच्या वाटेवर ऊन चढलं होतं. वेशीबाहेर मळणीची गाडी गेली असावी, रस्त्यावर जोंधळ्याचे दाणे सांडले होते आणि ते टिपत एक होला चालत होता. सायकल अगदी पुढ्यात आली तरी तो उडाला नाही. तवनाप्पा खाली उतरला. कॅमेरा सोडून, पाय उभे करून, प्लेट घालेपर्यंत पाखरू थांबणार नाही हे आता त्याला पक्कं ठाऊक होतं. त्यानं पेटीच्या दोरीला हातही लावला नाही. होला दोन हातांवर होता. गळ्यावरचे ठिपके उन्हात मोजता येतील इतके स्पष्ट दिसत होते. त्याचं खाणं होईपर्यंत तवनाप्पा सायकल धरून रस्त्याच्या कडेला उभा राहिला.